खुर्चीवरचं पोर

मेहरूण, जळगाव
गुरुवार, दुपार

प्रिय हिलालभाऊ,

झिपरूचा रामराम. पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. आपल्या वयाच्या माणसाला पत्र आलं की आधी कोण गेलं हेच मनात येतं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला गच्चीवर जाऊन ओरडावं लागतं आणि खालच्या पिठाच्या गिरणीतली माणसं वर बघतात. मागच्या वेळी मी तुझ्या मोतीबिंदूची चौकशी केली आणि उत्तर गिरणीवाल्याने दिलं. आता जे लिहायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तेव्हा हे पत्र तूच वाच. अक्षर दिसलं नाही तर ओट्यावर उन्हात बसून वाच, पण नातीला, डिंपलला, वाचून दाखव म्हणू नकोस. धुरपदावहिनींनाही आत्ताच नको. माझी शाळा चौथीपर्यंतची, ती पण अर्धी, हे तुला माहीतच आहे. चुकेल तिथे समजून घे.

गोष्ट अशी आहे की संक्रांत झाल्यावरच्या सोमवारी मला एका कामासाठी धुळ्याला बोलावलं आहे. जायचं की नाही ते संक्रांतीच्या आत कळवायचं आहे, आणि माझं काही ठरत नाही. सकाळी वाटतं जावं, दुपारी जेवलो की वाटतं नको. पारोळ्यापर्यंत बसमध्ये पोट साथ देत नाही हे एक आहे, पण खरं कारण ते नाही. खरं कारण लिहायला मला चार कागद वाया घालवावे लागले.

आमच्या दीपचंद शेठची नात चेलना तुला आठवत असेल. तू एकदा दुकानात आला होतास तेव्हा गल्ल्यापाशी बसून पेरू खात होती ती. त्या कापड दुकानात मी सारा जन्म मीटर मारला. आपला तमाशाचा फड मोडल्यावर मला तिथेच भाकरी मिळाली. गिऱ्हाईक नसलं की मी शेठच्या पोरांना आपल्या फडातली सोंगं करून दाखवायचो. तुझा पेंद्या तर मी इतका केला की ती पोरं तुला न बघताच ओळखत होती. फडाचा उस्ताद तुला शेपूट म्हणायचा, मी जिथे जाईन तिथे तू मागे, तेही मी करून दाखवायचो आणि ती लोटपोट हसायची. त्यातली चेलना आता मोठी झाली, बरंच शिकली, आणि एका संस्थेत काम करते. पोलीस, दवाखान्यातल्या सिस्टर, शाळेचे मास्तर, कोर्टातली माणसं, अशांना ती आणि तिच्या सोबतचे लोक शिकवतात. काय शिकवतात, तर एखाद्या लेकरावर मोठ्या माणसाने वाईट हात टाकला असेल, तर त्या लेकराशी बोलायचं कसं. मला आधी कळेना की यात शिकवायचं काय. लेकराशी तर सगळेच बोलतात. मी तसं तिला म्हणालोही. ती म्हणाली, नाना, तुम्ही एकदा येऊन बघा.

तिला सरावासाठी समोरच्या खुर्चीवर एक लेकरू पाहिजे होतं. खरं लेकरू त्या खुर्चीवर बसवायचं नाही, हा त्यांचा पक्का नियम आहे. शिकायला आलेल्यांतलाच कुणी लेकरू झाला तर बाकीचे हसतात आणि तो पण हसतो. म्हणून तिला माझी आठवण झाली. मी म्हणालो, बाई, मला बहात्तरावं लागलं, तोंडात वरचे दात नाहीत, मी कसलं पोर होणार? ती म्हणाली, लहान पोरांनाही वरचे दात नसतात. आमची सुगंधा चूल सोडून ऐकत उभी होती. ती म्हणाली, तरुणपणी लुगडं नेसून नाचलात, आता म्हातारपणी झबलं घाला. पण चेलना म्हणाली की कपडे बदलायचे नाहीत, रंग लावायचा नाही, नुसतं खुर्चीवर बसायचं. एका कागदावर पोराची माहिती लिहिलेली असते. घरी कोण, शाळा कोणती, इतकंच. आणि समोरचा माणूस जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं.

पहिल्या वेळी कागदावर आठ वर्षांची मुलगी होती. हॉल आमच्या घरापासून जवळच, तलावाच्या अलीकडे. चाळीसेक माणसं होती, त्यात निम्म्या बाया. माणसं समोर बघितली आणि हिलाल, माझ्या अंगात फड शिरला. समोरच्या सिस्टरने नुसतं नाव विचारलं आणि मी टाहो फोडला. खांद्यावरच्या उपरण्याचा पदर केला, तो तोंडावर घेतला, ऊर बडवला, खुर्चीवरून खाली बसलो. सिस्टरच्या डोळ्यात पाणी आलं. मागच्या रांगेतल्या एका मास्तरांनी चष्मा पुसला. शेवटी टाळ्या पडल्या. मी घरी येऊन सुगंधाला म्हणालो की अजून आपला गळा गेला नाही, आणि रात्री भरीत जास्त खाल्लं.

दुसऱ्या दिवशी चेलना घरी आली आणि चहा घेऊन झाल्यावर म्हणाली, नाना, तुम्ही फार छान केलं, पण ते चुकलं. मला राग आला. मी म्हणालो, चुकलं तर लोक रडले कसे. ती म्हणाली, तेच तर. आता ही माणसं इथून जातील आणि समोर खरं पोर आलं की त्याने असं रडावं याची वाट बघतील. ते रडलं नाही तर म्हणतील, हे खोटं बोलतं, याला कुणीतरी शिकवून आणलं आहे. मी म्हणालो, आमच्या फडात दाराजवळच्या माणसाला दुःख ऐकू गेलं पाहिजे असा दंडक होता. ती म्हणाली, इथे उलटं आहे, दुःख शेजारच्यालाही ऐकू जात नाही. मग पोरं करतात तरी काय, मी विचारलं. तिने कुणाचं नाव-गाव सांगितलं नाही, ते ती कधीच सांगत नाही. एवढंच म्हणाली की बरीचशी पोरं रडत नाहीत. कुणी पाणी मागतं. कुणी भलतंच बोलतं, घरच्या कोंबडीला पिलं झाली असं काही. कुणी हसतं पण. कुणी नुसतं पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसतं.

मी बरेच दिवस तिच्यावर रुसून होतो. पण तलावावर फिरायला गेलो की तेच डोक्यात. शेवटी मीच तिला निरोप धाडला की पुढचा वर्ग कधी आहे, मी मागे बसून ऐकतो. मग एका वर्गाला नुसता ऐकत बसलो. तुला सांगतो, भाऊ, किती साध्या साध्या गोष्टी, आणि कुणालाच येत नाहीत. टेबलाच्या पलीकडे बसायचं नाही. पोलिसाने वर्दीत जायचं नाही, जबाब शक्यतो पोराच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा. अंगाला हात लावायचा नाही, लाडाने पण नाही. त्याने हे केलं का, ते केलं का, असं पुढे पुढे विचारायचं नाही. मग काय झालं, एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं या लोकांना सगळ्यात जड जातं. एक साहेब तर थांबायचं म्हटलं की पेन उघडबंद करत होते. पोर ज्या शब्दात बोलेल तोच शब्द लिहायचा, सुधारायचा नाही. कुणाला कळणार नाही असं खोटं वचन द्यायचं नाही. आणि जे एकदा सांगितलं ते दहा जणांनी दहा वेळा सांगायला लावायचं नाही. मी कागदावर काही लिहून घेतलं नाही. सगळं तसंच लक्षात राहिलं, मीठ किती घातलं ते बाईच्या हाताच्या लक्षात राहतं तसं.

दिवाळीनंतर मी पुन्हा खुर्चीवर बसलो. या वेळी कागदावर दहा वर्षांचा मुलगा होता. समोर यावलकडचे एक हवालदार होते, सोनवणे नावाचे. जाड मिशा, आवाज असा की बैल थांबावा. पण शिकलेलं त्यांनी मनावर घेतलं होतं. टोपी काढून ठेवली. खुर्ची सरकवून माझ्या बाजूला, थोडी तिरकी ठेवली. पाणी पाहिजे का विचारलं. नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. या वेळी मी ओरडायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी आपल्या फडाच्या बैलांबद्दल बोलायला लागलो. तो डावा, भुऱ्या शिंगांचा, चढण आली की बसून जायचा, आठवतो ना? त्याचं शेपूट पिरगाळावं लागायचं. राहुटीच्या खुंट्या आपण दोघं ठोकायचो, त्याचंही बोललो. हवालदार ऐकत होते, मधे बोलत नव्हते. मला वाटलं, हे बरं जमतं आहे, चेलना खूश होईल. आणि मग त्या माणसाने, अगदी मायेने, आवाज जितका लहान करता येईल तितका करून विचारलं, मग बाळा, तू तेव्हाच कुणाला सांगितलं का नाहीस?

कागदावर याचं उत्तर होतं. भीती वाटली असं काहीतरी. मला ते आठवलंच नाही. मी म्हणालो, मला पाय चेपायला बोलावलं होतं.

कागदावर पायाचा काही विषय नव्हता, हिलाल. माझ्या तोंडून ते कसं आलं मला माहीत नाही. आवाज पण माझा नव्हता. मी पाणी मागितलं, ते प्यायलो, पेला खाली ठेवला आणि उठून बाहेर गेलो. चपला काढतात तिथे जाऊन उभा राहिलो. स्वतःचे जोडे समोर होते पण ओळखू येईनात. चेलना मागून आली. काय झालं नाना, असं तिने विचारलं नाही. माझ्यापासून थोडं अंतर ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, रिक्षा बोलावू, की इथे बसायचं आहे थोडं? मी म्हणालो, बसतो. मग ती पण पायरीवर बसली. शेठची नात, नवी साडी, आणि चपलांच्या ढिगाशेजारी.

नंतर हवालदार चहाचे कप घेऊन बाहेर आले. मला वाटलं हे माफी मागणार, आणि माझ्याने ती ऐकवणार नव्हती. पण ते दुसरंच बोलले. म्हणाले, आबा, मागच्या वर्षी एका पोराला मी हेच विचारलं होतं, तेव्हाच का सांगितलं नाहीस. वर्दीत होतो, ठाण्यात, त्याचा बाप शेजारी बसलेला. पोर बोलत होतं ते बंद झालं. मला वाटलं, संपलं असेल त्याचं सांगून. आज तुमचं तोंड पाहिलं आणि कळलं की ते संपलं नव्हतं. मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, आता चेलनाताईंना विचारतो की परत कसं जायचं, आणि जायचं की नाही. चहा त्यांनी प्यायलाच नाही, साय धरली त्यावर. चेलनाने मग त्यांना बाजूला नेऊन बराच वेळ समजावलं. पुढे काय झालं ते मला सांगत नाहीत आणि मी विचारतही नाही. पण त्या एका पोराकडे या वेळी कुणीतरी नीट जाईल असं मला वाटतं. धुळ्याला जावंसं वाटतं ते एवढ्यासाठी. तिथल्या वर्गातही असा एखादा हवालदार असेलच. तो पण मायेने तेच विचारेल, आणि कुणीतरी त्या खुर्चीवर बसून त्याला ते दाखवलं पाहिजे.

तू म्हणशील, मग अडलं कुठे. अडलं ते इथेच. परत तो प्रश्न आला तर मी त्या खुर्चीवर बसू शकेन का, मला सांगता येत नाही. त्या दिवसापासून पायाला कुणाचा हात लागला की दचकतो. सुगंधा तेल लावायला आली तर पाय ओढून घेतले. ती म्हणाली, लग्नाला पन्नास वर्षं होत आली आणि आज लाजता का. तिला काय सांगू? तिला काहीच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आईने मला फडात सोडलं तेव्हा सांगितलं होतं, उस्तादाची सेवा कर, विद्या येईल. सगळ्यांच्या आया तेच सांगायच्या. रात्रभर खेळ असायचा, म्हणून दुपारी सगळा फड झोपायचा, आणि उस्तादाला पाय चेपायला एक पोरगं लागायचं. ढोलकीवाला झोपलेला, मावशीचं काम करणारे तात्या झोपलेले, आणि राहुटीतून हाक यायची. पहिल्या हंगामात ती हाक मला यायची, कारण गौळणीत मी पुढे असायचो. एवढंच लिहितो. याच्या पुढचं लिहिणार नाही, आणि चेलना म्हणते की सांगायची जबरदस्ती कुणावरच नाही.

दुसऱ्या हंगामाचं मात्र लिहितो, कारण त्यात तू आहेस. एकदा, चोपड्याच्या जत्रेत असेल, उस्तादाची हाक आली. मी उठलो, तर तू पण उठलास. उस्ताद म्हणाला, तुला कुणी बोलावलं? तू म्हणालास, मी बी येस झिपरूसंगे. त्याने तुला हाकललं, तू राहुटीच्या दारात बसलास. दुसऱ्या दुपारी परत तेच. त्याने तुला तुणतुण्याच्या दांडीने मारलं, पाठीवर वळ आले, आणि तू त्या वळांसकट तिसऱ्या दुपारी माझ्यामागे. एक पाय मी चेपायचा, एक तू. तू त्याचा पाय इतका वाईट चेपायचास की तो ओरडायचा. फडातले सगळे हसायचे, शेपूट आलं शेपूट आलं म्हणायचे. शेवटी उस्तादच कंटाळला आणि म्हणाला, जा रे दोघं, बठ्ठा झोपेचा सत्यानाश. त्यानंतर मला हाक आली नाही. दुसऱ्या कुणाला आली का, याचा विचार मी साठ वर्षं केला नाही. आता करतो, पण त्याचं उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही. तू मला तेव्हा काही विचारलं नाहीस, पुढेही कधी विचारलं नाहीस. तुला किती कळलं होतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच कळलं नसेल, आणि तुला फक्त माझ्यासोबत यायचं असेल. मला ते विचारायचं पण नाही.

आता पत्र कशाला लिहिलं ते. वर्गात मी एक ऐकलं ते मला आवडलं. कायद्यातच लिहिलं आहे म्हणे, की पोराचा जबाब घेताना त्याचा ज्याच्यावर भरवसा आहे असं एक माणूस जवळ बसू शकतं. त्याने बोलायचं नाही, उत्तरं सांगायची नाहीत, नुसतं पोराला दिसेल असं बसायचं. चेलना मला म्हणाली, नाना, तुम्ही धुळ्याला नाही आलात तरी मला चालेल, मी दुसरं कुणी बघेन. पण येणार असाल तर एकटे येऊ नका, तुमचं असं एक माणूस सोबत पाहिजे. घरातलं कुणी मला नको, हे तिला न सांगताच कळलं. मग कोण, तिने विचारलं, आणि मी तुझं नाव सांगून बसलो. तुला न विचारता सांगितलं, तेवढं माफ कर. हॉल देवपुरात आहे. कुसुंब्याहून सकाळची बस धरलीस तर वेळेत पोचशील, वर्ग दहाला सुरू होतो. येताना स्वेटर आण, तिथे गारठा असतो, आणि धुरपदावहिनींना सांग की झिपरूने जेवायला बोलावलं आहे. ते खोटं नाही, जेवण देतात. खुर्चीवरून मला दिसशील असा बस. कानातलं यंत्र घरी राहिलं तरी हरकत नाही. तिथे काय चाललं आहे ते ऐकू येणार नाही म्हणून मागे राहू नकोस. तेव्हाही तू काही ऐकायला येत नव्हतास, भाऊ. नुसता येत होतास.

तुझाच,
झिपरू